लकडगंजातला लकवा: ओळख जुनी, घाई नवी

पक्षाघात ओळखण्याची विद्या जुनी आहे. चरकसंहितेच्या चिकित्सास्थानात वातव्याधींचा स्वतंत्र अध्याय आहे. एक अंग निकामी होणे, तोंड वाकडे होणे आणि वाचा जाणे ही लक्षणे त्यात आली आहेत. सुश्रुतसंहितेचे निदानस्थान पक्षाघात आणि अर्दित (तोंड वाकडे होणे) वेगळे करते आणि कोणता पक्षाघात कष्टाने बरा होतो, कोणता मुळीच होत नाही, याचाही निवाडा देते. ग्रंथ न वाचलेल्यांनाही ही लक्षणे परकी नव्हती. ‘अंगावरून वारं गेलं’ किंवा ‘लकवा मारला’ एवढे म्हटले की नागपूरच्या कुठल्याही मोहल्ल्यात पुढचे चित्र सांगावे लागत नसे. या आजारात घाई करायची असते, ही समज मात्र अगदी अलीकडची आहे. शहरात ती कशी आली, याचा इतिहास लकडगंजासारख्या जुन्या व्यापारी वस्तीच्या अंगाने नीट वाचता येतो.

लकडगंज ही पूर्व नागपुरातील लाकडाची पेठ. चंद्रपूर, गडचिरोली, गोंदिया, बालाघाट या जंगलपट्ट्यांतले सागवान आणि आडजात लाकूड नागपूरच्या बाजारात येत आले. 1867 साली मुंबईहून रेल्वे नागपूरला पोहोचली. नंतर छत्तीसगडकडे आणि नागभीडकडे छोट्या रुळांच्या गाड्या सुरू झाल्या, आणि इतवारी स्टेशनाच्या आसपासचा सगळा भाग मालाच्या चढउतारीचा झाला. लाकडाचे टाल, आरा मशीन, चिराण माल, बल्ल्या-फाट्यांचे ढीग आणि त्यांच्या आधाराने जगणारे हमाल, सुतार, गाडीवाले, मुनीम अशी ही वस्ती. पलीकडे इतवारी, मस्कासाथ आणि गांधीबागेच्या पेठा. दिवसभर गादीवर बसणारा व्यापारी आणि दिवसभर ओझे वाहणारा मजूर शेजारी शेजारी राहत. रक्तदाब मोजायची सोय नव्हती तेव्हा दोघांनाही तो वाढल्याचे कळत नसे, आणि लकवा दोघांनाही गाठत असे.

गाठल्यावर काय करायचे, याची रीत ठरलेली होती. माणसाला आडवे करायचे, लुळ्या पडलेल्या हातापायाला गरम तेल चोळायचे, वैद्याला निरोप धाडायचा. महानारायण तेल घराघरांत माहीत होते. मालकांगणीच्या बियांचे गडद, उग्र वासाचे तेल वातविकारांवर नावाजलेले होते आणि जडीबुटीवाल्यांकडे ते आजही मिळते. कबुतराचे रक्त लुळ्या अंगाला लावण्याचा तोडगाही सर्वदूर चालत असे. राजस्थानातून येऊन स्थायिक झालेल्या घरांना नागौर जिल्ह्यातले बुटाटी धाम ठाऊक असे. तिथे लकव्याच्या रुग्णाला सात दिवस ठेवून मंदिराच्या प्रदक्षिणा घालायला लावतात. या सगळ्या उपायांचे माप दिवसांत आणि आठवड्यांत होते. स्नेहन, स्वेदन, विरेचन ही आयुर्वेदाची क्रमवार चिकित्साही तशीच संथ. याला अडाणीपणा म्हणून हसणे सोपे आहे, पण ते न्यायाचे नाही. पहिल्या दोन तासांत करण्यासारखे जगात कुणाकडेच काही नव्हते, तेव्हा धावपळ करून पोहोचायचे कुठे?

याचा पुरावा महाराष्ट्रातल्या सर्वांत प्रसिद्ध रुग्णाच्या चरित्रात आहे. जुलै 1888मध्ये पुण्यात जोतीराव फुले यांना पक्षाघाताचा झटका आला आणि उजवी बाजू लुळी पडली. त्यांचे स्नेही डॉ. विश्राम रामजी घोले नामांकित शल्यवैद्य होते. म्हणजे त्या काळी मिळू शकणारी उत्तम पाश्चात्त्य वैद्यकी फुल्यांच्या उशाशी होती. तरीही गेलेला हात परत आणणे तिच्या आवाक्याबाहेर होते. फुल्यांनी डाव्या हाताने लिहायला सुरुवात केली आणि ‘सार्वजनिक सत्यधर्म पुस्तक’ तसेच पुरे केले. 28 नोव्हेंबर 1890 रोजी त्यांचे निधन झाले आणि पुस्तक 1891 साली छापून निघाले. त्या पिढीच्या लेखी पक्षाघातानंतरचा पुरुषार्थ म्हणजे उरलेल्या अंगाने काम चालू ठेवणे.

नागपुरात पाश्चात्त्य वैद्यकी रुजली ती मुख्यतः मेयो रुग्णालयातून. 1914 साली रॉबर्टसन मेडिकल स्कूल सुरू झाले आणि मध्य प्रांताला स्थानिक डॉक्टर मिळू लागले. 1947 साली शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आले, 1968 साली मेयोलाही महाविद्यालय जोडले गेले. नागपूरकर पहिल्याला ‘मेडिकल’ आणि दुसऱ्याला ‘मेयो’ म्हणतात. पाटीवर इंदिरा गांधींचे नाव लागून कितीतरी वर्षे झाली, तरी रिक्षावाल्याला मेयोच सांगावे लागते. या संस्थांतल्या डॉक्टरांना आजाराचे मूळ ठाऊक होते. मेंदूत रक्तस्राव झाल्याने झटका येतो, हे स्वित्झर्लंडमधल्या योहान याकोब वेप्फर यांनी शवविच्छेदनाच्या आधारे 1658 सालीच मांडले होते. रक्तवाहिनी तुंबूनही तेच घडते, हे पुढे स्पष्ट झाले. पण जिवंत रुग्णाच्या डोक्यात यांपैकी काय झाले आहे, हे बाहेरून ओळखता येत नसे. गुठळी आणि रक्तस्राव यांचे उपचार एकमेकांच्या उलट असल्यामुळे अंदाजाने औषध देणे धोक्याचे होते. त्यामुळे रुग्णालयातही खाट, शुश्रूषा, रक्तदाबाची देखरेख आणि पुढे व्यायाम एवढेच हाती राहिले. वॉर्डातला मुक्काम लांबला म्हणून घरच्यांनी रुग्णाला परत आणून तेल चोळणे सुरू करावे, हे ओघानेच आले.

लक्षणांच्या बाबतीत विदर्भात दोन गोष्टींनी गोंधळ वाढवला. पहिली लाखोळी डाळ. दुष्काळात दुसरे काही पिकले नाही की गरीब घरांत महिनोन्‌महिने हीच डाळ खाल्ली जाई आणि तरण्याताठ्या माणसांचे पाय ताठरून निकामी होत. पुढे मध्य प्रांतात मोडलेल्या सागर भागातली अशी साथ स्लीमन या इंग्रज अधिकाऱ्याने 1844 साली छापलेल्या आपल्या पुस्तकात नोंदवली आहे. 1961 साली या डाळीच्या विक्रीवर बंदी आली. पायांच्या या विकारालाही लोक लकवाच म्हणत. परंतु तो दोन्ही पायांना धरतो, हळूहळू येतो, चेहरा आणि वाचा यांना हात लावत नाही. मेंदूचा झटका क्षणात येतो आणि बहुधा एकाच बाजूला येतो. अचानकपणा आणि एकांगीपणा ही त्याची खरी खूण.

दुसरी गोष्ट ऊन. वैशाखात नागपूरचा पारा 45 अंशांच्या पुढे जातो. अशा दुपारी टालावर माल चढवताना एखादा हमाल भेलकांडून बसला, तर ‘ऊन लागलं’ हे निदान सर्वांच्या तोंडी तयार असते, आणि बहुतेक वेळा ते बरोबरही असते. मग त्याला सावलीत ओढतात, कांदा हुंगवतात, कैरीचे पन्हे तोंडाला लावतात. ऊन लागलेल्याचे सगळे अंग तापते, डोके दुखते, मळमळते, भान हरपते. झटका आलेल्याचे अंग तापलेले असेलच असे नाही. तो उठायचा प्रयत्न करतो तेव्हा एका बाजूला कलतो, हातातली बल्ली एकाच हातातून निसटते, पन्हे तोंडाच्या एका कोपऱ्यातून ओघळते. ते ओघळणे नुसते लक्षण नाही, तो इशाराही आहे. गिळण्याचे स्नायू सैल पडलेले असतात आणि प्रेमाने पाजलेला घोट अन्ननलिकेऐवजी श्वासनलिकेत उतरतो. म्हणून अशा माणसाला पाणी, चहा, साखर, गोळी यांतले काहीही तोंडाने द्यायचे नसते. ॲस्पिरिनची गोळीसुद्धा नाही, कारण आत रक्तस्राव असेल तर ती तो वाढवते. संध्याकाळच्या वेळी हाच प्रसंग घडला तर निदान आणखी सोपे होते: पाय अडखळतात, जीभ जड झाली आहे, म्हणजे प्यायला आहे. या एका समजुतीने किती मजुरांचे मोलाचे तास फुटपाथवर गेले असतील, त्याची मोजदाद कुठे होणार?

चित्र बदलायला सुरुवात झाली ती यंत्रामुळे. 1 ऑक्टोबर 1971 रोजी लंडनजवळच्या रुग्णालयात गॉडफ्रे हाउन्सफिल्ड यांच्या सीटी स्कॅनरने पहिल्या रुग्णाच्या मेंदूचे चित्र घेतले. गुठळी की रक्तस्राव, हा अडलेला प्रश्न काही मिनिटांत सुटू लागला. मग डिसेंबर 1995मध्ये अमेरिकेतील एका चाचणीचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. त्यात 624 रुग्ण होते. झटक्यानंतर तीन तासांच्या आत गुठळी विरघळवणारे टीपीए हे औषध मिळालेल्यांत, तीन महिन्यांनंतर जवळपास धडधाकट असण्याची शक्यता निदान 30 टक्क्यांनी जास्त निघाली. मेंदूत रक्तस्रावाचा धोकाही वाढला, 0.6 टक्क्यांवरून 6.4 टक्क्यांवर, म्हणून औषध कोणाला द्यायचे हे पारखणे आलेच. 1996 साली अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली आणि 2008 साली युरोपातल्या चाचणीने मुदत साडेचार तासांपर्यंत वाढवली. हजारो वर्षे ओळखीच्या असलेल्या आजाराला इथे प्रथमच घड्याळ लागले. मोठी रक्तवाहिनी तुंबलेल्या रुग्णाच्या मेंदूतल्या सुमारे 19 लाख चेतापेशी दर मिनिटाला मरतात, हा हिशेब 2006 साली मांडला गेला.

घड्याळ लागल्यावर ओळखही सोपी करावी लागली. मेंदूविकारतज्ज्ञाची तपासणी रस्त्यावरच्या माणसाला जमणारी नव्हती. इंग्लंडमधील न्यूकॅसल येथे 1998च्या सुमारास रुग्णवाहिकेच्या कर्मचाऱ्यांसाठी ‘फास्ट’ ही खूणगाठ तयार झाली: चेहरा, हात, बोलणे आणि वेळ. हसायला सांगायचे आणि तोंडाचा एक कोपरा खाली राहतो का पाहायचे. दोन्ही हात समोर उचलून धरायला लावायचे आणि एक खाली घसरतो का पाहायचे. एखादे साधे वाक्य म्हणायला सांगायचे. तिन्हींपैकी एकात जरी बिघाड दिसला तरी लगेच निघायचे. पुढे तोल जाणे आणि अचानक दिसेनासे होणे यांची त्यात भर पडली, कारण मेंदूच्या मागच्या भागातला झटका चेहऱ्यावर दिसत नाही. चरकाने सांगितलेली तीन लक्षणे आणि न्यूकॅसलची ही तीन लक्षणे यांत फारसा फरक नाही, चौथ्या अक्षरात, म्हणजे वेळेत, मात्र सगळा फरक आहे.

त्यातही फसगत करणारा प्रकार म्हणजे आपोआप ओसरणारा झटका. हात दहा मिनिटे लुळा पडतो, जीभ अडखळते आणि मग सगळे पूर्ववत होते. दुकान उघडे असते, गिऱ्हाईक खोळंबलेले असते, आणि ‘आता बरं वाटतंय’ म्हणून विषय मिटतो. पुढच्या काही दिवसांत मोठा झटका येण्याचा धोका अशा वेळी सर्वाधिक असतो, म्हणून बरे वाटले तरी त्याच दिवशी रुग्णालय गाठावे लागते.

महाराष्ट्रातल्या परिस्थितीचे माप मुंबईत घेतले गेले. डॉ. पी. एम. दलाल आणि सहकाऱ्यांनी 2005 आणि 2006 या दोन वर्षांत केलेल्या लोकसंख्येवर आधारित पाहणीत वर्षाला दर लाख लोकांमागे सुमारे 145 जणांना पहिला झटका आल्याचे आढळले. त्यांतले जवळपास 30 टक्के 28 दिवसांच्या आत दगावले. सुमारे 80 टक्के रुग्णांत कारण गुठळीचे होते. म्हणजे वेळेत पोहोचल्यास औषधाचा विचार तरी करता येईल अशांचीच संख्या मोठी होती. औषधाच्या बाबतीत पुण्याने भर घातली. जेनोव्हा बायोफार्मास्युटिकल्स या तिथल्या कंपनीने बनवलेल्या टेनेक्टेप्लेजला 2016 साली भारतात पक्षाघातासाठी मान्यता मिळाली. हे औषध एकाच टोचणीत देता येते, तासभर सलाईनमधून सोडावे लागत नाही. अमेरिकेने टेनेक्टेप्लेजला या आजारासाठी मान्यता दिली ती 2025 साली.

रुग्णालयापर्यंत पोहोचण्याची सोयही वाढली. 26 जानेवारी 2014 रोजी राज्यात 937 रुग्णवाहिकांसह 108 ही सेवा सुरू झाली. नागपुरात मेंदूविकारांना वाहिलेली सेंट्रल इंडिया इन्स्टिट्यूट ऑफ मेडिकल सायन्सेस बजाज नगरात आधीपासून होती. मिहानमध्ये एम्स आले, त्याचे लोकार्पण 11 डिसेंबर 2022 रोजी झाले. त्याच दिवशी सेंट्रल अव्हेन्यूवरून प्रजापती नगरपर्यंतची मेट्रोही धावू लागली. इंडियन अकॅडमी ऑफ न्यूरॉलॉजीचे अध्यक्षपद भूषवलेले डॉ. चंद्रशेखर मेश्राम याच शहरातले. कागदावर पाहिले तर लकडगंजचा रहिवासी भाग्यवानच म्हणायचा, कारण मेयो जेमतेम दोन-तीन किलोमीटरवर आहे. प्रत्यक्षात वेळ जातो तो अंतरात नव्हे. आधी शेजारच्या डॉक्टरला दाखवू, मोठ्या भावाला फोन करू, सकाळपर्यंत बघू, अशा विचारविनिमयात तो जातो. त्यानंतर जिथे सीटी स्कॅन नाही अशा पहिल्या दवाखान्यात आणखी जातो. सरकारी धोरणातही या आजाराचे स्थान डळमळतेच राहिले. 2010च्या राष्ट्रीय कार्यक्रमाच्या नावात कर्करोग, मधुमेह आणि हृदयविकारासोबत पक्षाघातही होता, 2023 साली नाव आटोपशीर करताना तो असंसर्गजन्य रोगांच्या सामाईक शब्दात विरून गेला.

रुग्णालयात पोहोचल्यावर पहिला प्रश्न असतो तो वेळेचा, आणि घरचे लोक बहुधा त्याचे उत्तर चुकवतात. लक्षण केव्हा दिसले हे ते सांगतात. डॉक्टरला हवी असते ती रुग्ण शेवटचा धड कधी दिसला ती वेळ. रात्री दहाला जेवून झोपलेला माणूस पहाटे पाचला लुळा सापडला, तर घड्याळ दहापासून चालते आणि साडेचार तास झोपेतच संपलेले असतात. अशा रुग्णांना पूर्वी औषध मिळतच नसे. 2015 साली नेदरलँड्समधील चाचणीने जांघेतून नळी घालून गुठळी ओढून काढण्याचा उपाय सिद्ध केला. 2018च्या चाचण्यांनी दाखवले की निवडक रुग्णांत हे 24 तासांपर्यंत करता येते, आणि एमआरआयमध्ये इजा ताजी दिसली तर पहाटे सापडलेल्यालाही गुठळी विरघळवणारे औषध देता येते. निवड स्कॅनवरून होते, त्यामुळे ‘आता उशीर झालाच आहे’ म्हणून घरी थांबण्याला वैद्यकीय आधार उरलेला नाही. रात्री शेवटचे कोण बोलले, पाणी प्यायला उठला होता का, रक्त पातळ करणारी गोळी चालू आहे का, एवढी माहिती आणि जुन्या औषधांची पिशवी बरोबर नेली, तर स्कॅन आणि टोचणी यांच्या मधली बरीच मिनिटे वाचतात.