तारेची पारख

आमच्या धर्मग्रामातील युवकांनी वर्गणी काढून गिटारसाठी एक जुने स्पीकर-कॅबिनेट विकत घेतले. आतील तारांचे रबर पार विरून गेले होते. तारा बदलायच्या ठरल्या आणि वादाला तोंड फुटले. कुणी म्हणे, परदेशी प्राणवायुविरहित तांब्याची महागडी तार घालू या; कुणी म्हणे, दिव्याला लावतो ती पुरे. गाठीचे पैसे थोडे होते, म्हणून प्रकरण आमच्यापुढे आले. आम्ही त्यांना निवाडा दिला नाही, एक जुनी हकिकत सांगितली. तीच वाचकांपुढे ठेवीत आहोत. कारण तार कशी निवडावी हे मानवजात एका फार मोठ्या नुकसानीतून शिकली आहे.

ती नुकसानी अटलांटिक महासागराच्या तळाशी झाली. आयर्लंड व न्यू फाउंडलंड यांना जोडणारी तारायंत्राची केबल 5 ऑगस्ट 1858 रोजी पूर्ण झाली. दोन्ही किनाऱ्यांवर जल्लोष झाला. 16 ऑगस्टला व्हिक्टोरिया राणीचा अवघ्या 98 शब्दांचा संदेश अमेरिकेला पाठविण्यात आला. तो पोचायला सुमारे 16 तास लागले. पुढे काही आठवड्यांतच केबल कायमची मुकी झाली आणि भागधारकांचा पैसा समुद्रात गेला.

या प्रकल्पात दोन मते झुंजत होती. विद्युत-विभागाचे प्रमुख वाइल्डमन व्हाइटहाउस हे मूळचे शस्त्रवैद्य. त्यांचा भरवसा बारीक तारेवर आणि जबर विद्युतदाबावर. ग्लासगोचे प्राध्यापक विल्यम थॉमसन, म्हणजेच पुढे लॉर्ड केल्विन म्हणून प्रसिद्धीस आलेले शास्त्रज्ञ, यांचे गणित निराळे होते. तार जितकी लांब तितका संदेश मंदावतो आणि ही मंदगती लांबीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, असे त्यांनी दाखविले होते. म्हणून तांबे जाड हवे, वेष्टण जाड हवे आणि संदेश टिपणारे यंत्र नाजूक हवे, हा त्यांचा आग्रह. परंतु केबल बारीकच बनली. तिच्यात दर सागरी मैलाला केवळ 107 पौंड तांबे होते. संदेश क्षीण येऊ लागले तेव्हा व्हाइटहाउस यांनी सुमारे 2000 व्होल्टचा दाब दिला. केबल मुळातच सदोष होती, या दाबाने तिचा अंत जवळ आणला.

थॉमसन यांनी आणखी एक गोष्ट शोधून काढली होती. 1857 साली त्यांनी निरनिराळ्या कारखान्यांतील तांब्याच्या तारा तपासल्या. दिसायला सारख्या, जाडीला सारख्या. परंतु वीज वाहून नेण्याच्या गुणात मोठी तफावत! दोष होता तांब्यातील भेसळीचा. तार डोळ्यांनी पारखू नये, मोजून पारखावी, हा धडा तेथे मिळाला. पुढची केबल 300 पौंड तांब्याची आणि परीक्षा घेऊन बनली. ‘ग्रेट ईस्टर्न’ या महाकाय जहाजाने ती 27 जुलै 1866 रोजी किनाऱ्यास लावली. याच जहाजाने 1870 साली मुंबईहून एडनपर्यंत केबल टाकली आणि आपली मुंबई समुद्रमार्गे जगाशी जोडली गेली. 1913 साली आंतरराष्ट्रीय विद्युत-तंत्र आयोगाने शुद्ध, मऊ केलेल्या तांब्याची वाहकता 100 टक्के मानून सर्वांसाठी एक माप ठरविले.

आता या महासागरातून त्या लाकडी पेटीकडे येऊ. आज घरोघरी असलेल्या स्पीकरचा पाया 1925 साली राइस व केलॉग या अमेरिकी संशोधकांनी घातला. चार स्पीकरांची गिटारपेटी जगभर रूढ झाली ती मुख्यत्वे लंडनमुळे. जिम मार्शल हे ड्रमवादक व ड्रमचे शिक्षक. 1960 साली त्यांनी लंडनच्या हॅनवेल भागात वाद्यांचे दुकान उघडले आणि 1962 मध्ये स्वतःचा अ‍ॅम्प्लिफायर विक्रीस आणला. त्याच्या जोडीला सेलेस्टियनचे 12 इंची चार स्पीकर असलेली पेटी आली. पुढे पीट टाउनशेंड या वादकाने आठ स्पीकरांची एकच पेटी मागितली; पण ती उचलता उचलेना. म्हणून तिच्या दोन पेट्या झाल्या आणि एकावर एक रचल्या जाऊ लागल्या.

अशा पेटीत 16 ओहमचे चार स्पीकर असले, तर दोन-दोन एकसरीत जोडतात; प्रत्येक जोडी 32 ओहमची होते. त्या दोन जोड्या समांतर जोडल्या की पुन्हा 16 ओहम होतात. 100 वॅट शक्ती दिली तर अशा पेटीत अडीच अँपिअर प्रवाह वाहतो. आतील तार जाऊन-येऊन दोन मीटर धरली आणि ती 1 चौरस मिलिमीटरची असली, तर तिचा रोध सुमारे 0.04 ओहम भरतो. म्हणजे 100 वॅटमधून तारेत पाव वॅट खर्च! शिवाय प्रत्येक स्पीकरच्या पोटात केसासारख्या बारीक तारेचे कित्येक मीटरांचे वेटोळे असतेच. त्याचाच रोध 12-13 ओहम असताना बाहेरच्या दोन मीटर तारेसाठी सोन्याचा भाव का मोजावा? प्राणवायुविरहित तांबे साध्या विद्युत-तांब्याहून फार तर एखादा टक्का सरस. महासागरात जे प्राणांतिक होते, ते पेटीत नगण्य ठरते. कारण लांबी बदलली.

मग जपायचे काय? पहिले, भेसळ. तांब्याचा मुलामा दिलेली अ‍ॅल्युमिनियमची तार स्वस्त मिळते. तिची वाहकता तांब्याच्या सुमारे दोन-तृतीयांश. थॉमसन यांचा धडा येथे आठवावा. दुसरे, तार बहुतंतू असावी. पेटी सतत थरथरते आणि एकेरी ताठ तार सांध्यापाशी मोडते. तिसरे, सांधा. सोल्डरिंग चकचकीत व पक्के हवे. व्हॉल्व्हच्या अ‍ॅम्प्लिफायरवर जोर असताना पेटीतील सांधा सुटला, तर त्याचा महागडा आउटपुट ट्रान्सफॉर्मर जळू शकतो. चौथे, धन-ऋण टोके चुकवू नयेत. एक स्पीकर उलटा जोडला की तो इतरांविरुद्ध हलतो आणि खर्जाचा स्वर पोकळ होतो. शेवटी, तार कागदी पडद्याला लागू नये म्हणून बांधून ठेवावी.

हे ऐकून युवकांनी लॅमिंग्टन रोडवरून 1 चौरस मिलिमीटरची साधी, शुद्ध तांब्याची बहुतंतू तार आणली. सोल्डरिंग एका जुन्या रेडिओ-दुरुस्तकाकडून करवून घेतले आणि प्रत्येक सांधा ओढून पाहिला. उरलेल्या पैशांतून गिटारच्या तारांचे दोन संच आले.

व्हाइटहाउस यांना आम्ही दोष देत नाही. ते कष्टाळू होते, परंतु मोजण्यापेक्षा जोर लावण्यावर त्यांचा विश्वास अधिक होता. आवाज क्षीण आला की दाब वाढवावा, की तार व सांधे तपासावेत? आपली कुटुंबे आणि आपल्या संस्था यांच्यापुढेही हा प्रश्न अधूनमधून उभा राहतोच. उत्तर वाचकांनीच शोधावे.