आधी सरकारने नोकरी द्यावी!

८ मार्च १९९७ हा शनिवार होता. अमेरिकेचे तत्कालीन अध्यक्ष बिल क्लिंटन यांनी त्या दिवशीच्या साप्ताहिक रेडिओ भाषणात एक आदेश जाहीर केला. सरकारी मदतीवर जगणाऱ्या लोकांना सर्व केंद्रीय खात्यांनी आपल्याकडे नोकरीवर घ्यावे आणि त्यासाठीची योजना प्रत्येक खातेप्रमुखाने तीस दिवसांत सादर करावी, असा तो आदेश होता. त्या दिवशी महिला दिनही होता. तो योगायोगच असेल; पण या मदतीवर जगणाऱ्या प्रौढांमध्ये बहुसंख्य स्त्रिया होत्या, आणि त्यांतही एकट्याने मुले वाढवणाऱ्या आया अधिक होत्या, हे ध्यानात घेतले म्हणजे तो अर्थपूर्ण वाटतो.

हा आदेश का निघाला, हे समजण्यासाठी थोडे मागे जायला हवे. जागतिक मंदीच्या काळात, १९३५ साली, अमेरिकेत सामाजिक सुरक्षा कायदा झाला. मिळवता पुरुष ज्या घरात उरलेला नाही अशा घरातील मुलांसाठी रोख मदत देण्याची तरतूद त्यात होती. तेव्हा डोळ्यांसमोर होती ती विधवा आई. पुढे काळ बदलला. मदत घेणाऱ्यांत घटस्फोटित आणि अविवाहित माता वाढल्या, कृष्णवर्णीय कुटुंबांनाही हक्काने मदत मिळू लागली आणि मदतीविषयीची सहानुभूती मात्र ओसरू लागली. 'आम्ही राबायचे आणि यांनी बसून खायचे' ही भाषा निवडणुकीच्या सभांतून ऐकू येऊ लागली. १९९४ मध्ये ही मदत घेणाऱ्यांची संख्या सुमारे १ कोटी ४२ लाखांवर गेली. त्यांतील सुमारे दोन तृतीयांश मुले होती, याचा उल्लेख सभांतून फारसा होत नसे.

मदतीची ही पद्धतच बदलून टाकू, असे आश्वासन क्लिंटन यांनी १९९२ च्या प्रचारात दिले होते. रिपब्लिकन बहुमताच्या काँग्रेसने पाठवलेली विधेयके त्यांनी दोनदा परत केली. तिसऱ्यावर मात्र २२ ऑगस्ट १९९६ रोजी सही केली. एकसष्ट वर्षांचा हक्क संपला. मदत मिळू लागल्यापासून दोन वर्षांच्या आत काम सुरू केले पाहिजे आणि केंद्राच्या पैशातून आयुष्यभरात एकूण पाच वर्षांपेक्षा जास्त मदत मिळणार नाही, असे बंधन आले. क्लिंटन यांचे जुने सहकारी पीटर एडलमन यांनी या कायद्याच्या निषेधार्थ आरोग्य व मानवी सेवा खात्यातील आपल्या पदाचा राजीनामा दिला.

कायद्याने 'काम करा' असे सांगितले. पण काम देणार कोण? क्लिंटन यांनी फेब्रुवारी १९९७ च्या संसदेपुढील भाषणात मालकांना आवाहन केले, की तुम्ही एकेकाला तरी कामावर घ्या. 'लोका सांगे ब्रह्मज्ञान' असे होऊ द्यायचे नसेल, तर देशातील सर्वांत मोठ्या मालकाने, म्हणजे केंद्र सरकारने, आधी आपले दार उघडणे भाग होते. महिनाभरात तो आदेश निघाला.

सरकारने गरजूंना काम देणे अमेरिकेला नवे नव्हते. १९३३ च्या हिवाळ्यात हॅरी हॉपकिन्स यांनी अवघ्या दोन-तीन महिन्यांत ४० लाखांहून अधिक बेकारांना रस्ते, शाळा, विमानतळांच्या कामांवर घेतले होते. १९३५ ते १९४३ या काळातील दुसऱ्या मोठ्या योजनेत सुमारे ८५ लाख लोकांना काम मिळाले. १९७३ च्या कायद्यानेही स्थानिक सरकारांना केंद्राच्या खर्चाने माणसे नेमता येत होती. पण काही नगरपालिका आपले नेहमीचेच कर्मचारी त्या पैशात बसवतात, अशी टीका झाली आणि १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला ती योजना गुंडाळली गेली. या सगळ्या योजनांत काम नव्याने निर्माण केले जात होते. १९९७ मध्ये तसे नव्हते. असलेल्याच रिकाम्या जागांवर ही माणसे घ्यायची होती.

आणि खरी अडचण इथेच होती. सरकारी कार्यालयातील व्यवस्थापकाच्या खुर्चीत बसून पाहा. एकीकडे त्याला नोकरकपातीचे आदेश होते. १९९४ च्या कायद्यानुसार केंद्रीय नोकरवर्गातून २ लाख ७२ हजार ९०० जागा कमी करायच्या होत्या. त्या सरकारी सुधारणा मोहिमेचे प्रमुख होते उपाध्यक्ष अल गोर. आणि आता नव्या भरतीवर देखरेख करण्याची जबाबदारीही त्यांच्याकडेच आली! दुसरीकडे गुणवत्तेचा नियम होता. नोकरी न मिळाल्याने चिडलेल्या एका इसमाने १८८१ मध्ये राष्ट्राध्यक्ष गारफील्ड यांच्यावर गोळी झाडली, त्यात त्यांचा अंत झाला. आणि १८८३ मध्ये वशिल्याऐवजी परीक्षेने नोकरी देणारा कायदा आला. त्या कायद्याच्या सावलीत वाढलेली नोकरशाही, 'अमुक वर्गातील माणसे घ्या' हा निरोप सहजी कसा स्वीकारणार?

तोडगा जुन्या फायलीतच सापडला. 'कामगार-प्रशिक्षणार्थी' नावाची एक योजना आधीपासून होती, पण अलीकडे ती फारशी वापरात नव्हती. तिच्यामुळे भरतीच्या किचकट सोपस्कारांना वळसा घालून अगदी खालच्या श्रेणीत तीन वर्षांपर्यंत नेमणूक करता येई आणि काम समाधानकारक असेल तर पुढे कायमही करता येई. म्हणजे व्यवस्थापकाचा धोका कमी आणि उमेदवाराला पारख करून देण्याची संधी. त्या सर्वांत खालच्या श्रेणीचा सुरुवातीचा पगार वर्षाला साडेबारा हजार डॉलरच्या आसपास होता. श्रीमंती नव्हे, पण पगाराबरोबर नियम होते, रजा होती, वर चढायला पायऱ्या होत्या.

१० एप्रिल १९९७ रोजी मंत्रिमंडळाच्या बैठकीत खात्यांनी आपापले आकडे मांडले. चार वर्षांत किमान १० हजार जणांना घेण्याचे ठरले. खुद्द व्हाइट हाऊसने सहा जणांचा शब्द दिला. आकडा लहान म्हणून हसणारे हसले. पण मोठी शंका वेगळीच होती. नवी माणसे जुन्यांच्या पोटावर पाय तर देणार नाहीत? ही भीती निराधार नव्हती. न्यूयॉर्क शहरात मदतीच्या बदल्यात लोकांना उद्याने आणि रस्ते झाडायला लावले जात होते. हातात झाडू तोच, पण पगार नाही, फक्त मदतीचा धनादेश. मे १९९७ मध्ये केंद्रीय कामगार खात्याने स्पष्ट केले, की अशा कामालाही सर्वसाधारणपणे किमान वेतनाचा कायदा लागू होतो. मदतीच्या बदल्यात राबणे आणि नोकरी करणे, यांत फरक आहे तो हाच.

भरतीचे उद्दिष्ट मागे पडले. २००० सालापर्यंत केंद्र सरकारने सुमारे ५० हजार जणांना नोकऱ्या दिल्याचे प्रशासनाने जाहीर केले, म्हणजे ठरलेल्याच्या पाचपट. मात्र या यशातील मोठा वाटा २००० च्या जनगणनेच्या तात्पुरत्या कामांचा होता. घरोघरी जाऊन माणसे मोजायची, मोजणी संपली की काम संपले. ज्याला कायमची जागा मिळाली त्याचे आयुष्य बदलले. ज्याला मोजणीचे काम मिळाले त्याला कामाचा एक दाखला मिळाला. दोघांची नोंद एकाच रकान्यात झाली.

तो काळही अनुकूल होता. २००० मध्ये अमेरिकेतील बेकारी ४ टक्क्यांवर आली होती आणि मदत घेणाऱ्यांची संख्या निम्म्याहून खाली गेली होती. कायदा यशस्वी झाल्याचे ढोल वाजले. कसोटी लागली ती २००८ च्या मंदीत. नोकऱ्या गेल्या, पण रोख मदतीचे दार पूर्वीसारखे उघडले नाही. राज्यांना केंद्राकडून मिळणारी रक्कम १९९६ मध्ये वर्षाला साडेसोळा अब्ज डॉलरवर गोठवली गेली, ती महागाईबरोबर वाढलीच नाही. १९९६ मध्ये मुले असलेल्या दर १०० गरीब कुटुंबांपैकी ६८ कुटुंबांना ही मदत मिळे. २०२० मध्ये ते प्रमाण २१ वर आले. बाकीची सगळीच कामाला लागली, असा याचा अर्थ नव्हे.

मग त्या आदेशाचे मोल काय? एक गोष्ट त्यातून नक्की शिकता आली. क्लिंटन प्रशासनाने खात्यांना नुसती भरती करायला सांगितले नव्हते. नव्या माणसाला जुन्या कर्मचाऱ्याचे मार्गदर्शन, मुलांची सोय, येण्या-जाण्याची व्यवस्था यांकडेही पाहायला सांगितले होते. कारण अशा नोकऱ्या बहुधा आळसामुळे सुटत नाहीत. मूल तापाने फणफणते, पाळणाघर बंद असते, पहाटेची बस चुकते, आणि तिसऱ्या खाड्याला नोकरी जाते. हे व्यवस्थापकाला कळले तर तो वेळेत सवलत देतो, नाहीतर शेरा मारतो. कायदा माणसाला कामाच्या दारापर्यंत ढकलू शकतो. तो आत टिकेल की नाही, हे मात्र दारामागच्या टेबलावर बसलेला साहेब ठरवतो. वॉशिंग्टनने १९९७ मध्ये निदान त्या साहेबाकडे बोट दाखवले, आणि तो साहेब स्वतःचाच नोकर आहे हेही मान्य केले.