पश्चिम विभागाच्या विद्युज्जालाचीं आवर्तनें

इतिहाससाधन म्हटलें कीं दप्तरें, बखरी, ताम्रपट व शिलालेख हीं आपल्या दृष्टीसमोर उभीं राहतात. विद्युत्केंद्रांतील कागदी पट्टीवर यंत्राच्या लेखणीनें उमटलेली वांकडीतिकडी रेषा साधन म्हणून सहसा विचारांत घेतली जात नाहीं. तथापि इ. स. २००२ पूर्वींच्या वीजकारभाराविषयीं तिच्याइतका निःस्पृह साक्षीदार मिळणें कठीण. ती कोणाच्या भिडेनें लिहिलेली नाहीं.

प्रवाह एका सेकंदांत जितक्या वेळां दिशा फिरवून पुनः मूळ स्थितीस येतो, त्या संख्येस हर्ट्झ हें परिमाण लावतात. पाठ्यपुस्तकांत तीस ‘वारंवारता’ म्हणतात; ‘वृत्’ धातूपासून सिद्ध झालेला ‘आवर्तन’ हा शब्द मला अधिक अन्वर्थक वाटतो, म्हणून तोच येथें योजिला आहे. आपल्या देशांत हें मान ५० ठरलेलें आहे. मागणी निर्मितीहून वाढली कीं जालांतील सर्व जनित्रें एकदम मंदावतात. मागणी घटली कीं वेग घेतात. म्हणून एका जालांत, खोपोलीस पाहा कीं कोरब्यास पाहा, आंकडा एकच.

महाराष्ट्र, गुजरात, मध्यप्रदेश, छत्तीसगड, गोवा इत्यादि प्रदेशांचें पश्चिम विभागीय जाल मार्च २००३ पर्यंत या दृष्टीनें बेटासारखें होतें. दक्षिणेकडील जालाशीं देवघेव चाले ती चंद्रपूर जिल्ह्यांतील भद्रावतीच्या केंद्रांतून. तेथें प्रवाह आधीं एकदिश करून मग पलीकडच्या आवर्तनांत बसविला जाई. एकाच कुंपणाच्या आंत दोन भिन्न आवर्तनें नांदत!

या बेटावर संध्याकाळीं आवर्तनें ४८ च्या आसपास उतरत आणि रात्रीं ५१ च्या पुढें जात. आवर्तनांवर चालणारें घड्याळ सतत ४९ वर चाललें तर दिवसाकाठीं सुमारें २९ मिनिटें मागें पडतें. घटिकापात्राचें भोंक बुजल्यासारखाच हा प्रकार. घड्याळाचें नुकसान क्षुल्लक होय. वाफेच्या टर्बाइनचीं पातीं कमी वेगांत कंप पावून दुर्बल होतात, तें मात्र क्षुल्लक नव्हे. दाबाची हकीकत त्याहून कष्टप्रद. खेडोपाडीं दिवा निखाऱ्यासारखा लाल दिसे, आणि दाब उतरला कीं विहिरीवरील मोटार तेंच काम करण्यास अधिक प्रवाह घेई, तापे, शेवटीं तिची गुंडाळी जळे. ती पुनः भरून घेण्याचा खर्च शेतकऱ्याच्या माथीं.

हें सर्व विजेच्या तुटवड्यामुळें झालें, असें सरसकट म्हटलें जातें. तें अर्धेंच खरें आहे. तुटवडा हेंच एकमेव कारण असतें तर रात्रीं आवर्तनें ५० च्या वर कां जावीं? मूळ दोष दरपद्धतींत होता. केंद्रीय विद्युत्केंद्रांची वीज राज्यांनीं दिवेलागणीस ओढली काय किंवा मध्यरात्रीं ओढली काय, दर तोच. आणि केंद्रांचें बक्षीस एकूण निर्मितीवर अवलंबून, म्हणून मागणी नसतांही निर्मिति कमी करण्यांत त्यांना तोटाच होता.

केंद्रीय वीज नियामक आयोगानें ४ जानेवारी २००० रोजीं उपलब्धतेवर आधारलेली दरपद्धति जाहीर केली. तिचे प्रमुख पुरस्कर्ते अभियंते भानु भूषण हे होत. देशांत ती प्रथम लागू झाली पश्चिम विभागांतच, १ जुलै २००२ रोजीं. दिवसाचे पंधरा-पंधरा मिनिटांचे ९६ भाग पाडले. ठरल्याहून अधिक ओढलेल्या विजेचा दर आवर्तनांवरून निघूं लागला: ५०.५ हर्ट्झला शून्य, आणि तेथून दर ०.०२ हर्ट्झच्या उतारास ५.६ पैसे चढत ४९ च्या जवळ युनिटास ४२० पैसे. दाब शेंकडा ९७ च्या खालीं असतां रिअ‍ॅक्टिव्ह ऊर्जा ओढणारासही भुर्दंड बसला.

परिणाम तत्काळ दिसला. आवर्तनें बहुतांशीं ४९ व ५०.५ यांच्या दरम्यान राहूं लागलीं. थोडक्या दिवसांत नवीं केंद्रें उभीं राहत नाहींत. तेव्हां बदललें तें वर्तन, हें उघड आहे.

पद्धति निर्दोष नव्हती. पैसे भरून बेशिस्त विकत घेतां येते असा समज पुढें बळावला. ३० व ३१ जुलै २०१२ रोजीं उत्तरेकडील जालें कोसळलीं, त्यांत जादा ओढ हेंही एक कारण होतें. २०१४ पासून जुन्या पद्धतीच्या जागीं अधिक कडक नियम आले. तत्पूर्वीं ३१ डिसेंबर २०१३ रोजीं दक्षिण विभाग जोडला जाऊन सर्व देशाचें आवर्तन एक झालें.

२००२ च्या जून व जुलै या दोन महिन्यांच्या पट्ट्या शेजारीं ठेवून पाहण्याजोग्या आहेत. ज्यांच्या संग्रहीं त्या असतील त्यांनीं रद्दींत न घालतां मंडळाच्या चिटणीसांस कळवावें.