हैदराबादचा क्लोरोफॉर्म आयोग आणि हृदयाची रेघ

आपला औराद तालुका १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता आणि १ नोव्हेंबर १९५६ रोजी भाषावार प्रांतरचनेत तो म्हैसूर राज्यात आला. त्यामुळे आपल्या भागातील जुन्या मराठी घराण्यांना हैदराबाद म्हटले की कचेरीतील उर्दू, दप्तरखान्यातील रुमाल आणि पोलीस कारवाईचे दिवस आठवतात. वैद्यकाच्या इतिहासात मात्र हैदराबादचे नाव एका निराळ्याच कारणाने नोंदले गेले आहे. शस्त्रक्रियेच्या मेजावर क्लोरोफॉर्म दिलेला रोगी एकाएकी दगावतो तेव्हा आधी काय थांबते, श्वास की हृदय, हा वाद सोडविण्यासाठी निजामाच्या पैशाने येथे दोन आयोग बसले. त्या वादाचा खरा निकाल बावीस वर्षांनी लंडनमध्ये एका थरथरत्या रेघेने दिला. आज ज्याला आपण ई.सी.जी. म्हणतो तीच ती रेघ. हृदयाचा ताल कागदावर वाचण्याची विद्या मनुष्याला कशी अवगत झाली, हे समजून घ्यायचे तर आपल्याच जुन्या राजधानीतील हे प्रकरण उघडून पाहणे अगत्याचे आहे.

त्यापूर्वी ताल वाचण्याचे साधन म्हणजे वैद्याची तीन बोटे. चरक-सुश्रुतांत नाडीपरीक्षा स्वतंत्र शास्त्र म्हणून आढळत नाही. ती स्पष्टपणे येते शार्ङ्गधरसंहितेत. तेथे वाताची नाडी सर्प-जळवांच्या गतीची, पित्ताची कावळा-बेडकांच्या, तर कफाची हंस-पारव्यांच्या गतीची सांगितली आहे. युनानी हकिमांकडेही हरिणाच्या उडीसारखी नाडी, मुंगीच्या चालीची नाडी, करवतीच्या दात्यांसारखी नाडी असे भेद होते आणि इब्न सीनाने नाडीची दहा लक्षणे गणली होती. आजचे काही सुशिक्षित या उपमांना हसतात. मला त्यात हसण्यासारखे काही वाटत नाही. बेडूक बसतो, उडतो, पुन्हा बसतो; ज्याने ही गती बोटाखाली ओळखली त्याने तालाचा भेद ओळखलाच होता. त्याच्यापाशी नव्हती ती त्या तालाची नोंद. बोटाने जे जाणले ते बोटाबरोबरच संपत असे आणि दुसऱ्याला दाखविता येत नसे.

आता हैदराबादकडे वळू. एडिंबरोच्या सिम्सनने १८४७ साली क्लोरोफॉर्म प्रचारात आणला आणि अवघ्या काही आठवड्यांत, २८ जानेवारी १८४८ रोजी, न्यूकॅसलजवळ हॅना ग्रीनर ही पंधरा वर्षांची मुलगी पायाचे नख काढताना दगावली. शस्त्रक्रिया किरकोळ, मुलगी एरवी धडधाकट, आणि मृत्यू एक-दोन मिनिटांत. असे मृत्यू पुढे होतच राहिले. लंडनचे डॉक्टर म्हणत, हृदयच बंद पडते, तेव्हा नाडीवर बोट ठेवा. एडिंबरोचे म्हणत, नाडी विसरा, श्वासाकडे पाहा. श्वास सांभाळला की हृदय आपोआप सांभाळले जाते.

हैदराबादच्या रेसिडेन्सीचे सर्जन डॉ. एडवर्ड लॉरी हे एडिंबरोच्या सर्जन साइम यांचे शिष्य होते आणि गुरूच्या मतावर त्यांची निष्ठा अढळ होती. अफजलगंज रुग्णालयात ते क्लोरोफॉर्मचा मुक्त वापर करीत. १८८८ साली त्यांनी पहिला आयोग नेमून कुत्र्यांवर प्रयोग केले आणि निष्कर्ष काढला की श्वास नेहमीच हृदयाच्या आधी थांबतो. लंडनच्या 'लॅन्सेट' नियतकालिकाने शंका घेतली. तेव्हा सहावे निजाम मीर महबूब अली खान यांनी एक हजार पौंड देऊ केले व लॅन्सेटनेच आपला तज्ज्ञ पाठवावा असे सुचविले. आले ते सर टॉमस लॉडर ब्रंटन. छातीतील कळेवर अमाइल नायट्राइट हे औषध १८६७ साली शोधणारे हेच ब्रंटन. म्हणजे हृदयाचे मोठे जाणकार. येताना त्यांचे मत लॉरींच्या विरुद्ध होते. १८८९ च्या हिवाळ्यात कुत्री, माकडे, शेळ्या, घोडे अशा शेकडो प्राण्यांवर प्रयोग झाले; काजळी धरलेल्या कागदाच्या फिरत्या पिंपावर रक्तदाबाच्या रेघा उमटविल्या गेल्या; आणि ब्रंटन यांनी मत बदलून लॉरी बरोबर असल्याचे तारेने कळविले. हैदराबाद मेडिकल स्कूलच्या रूपाबाई फर्दूनजी यांचाही या कामात सहभाग होता. भूल देण्याचे काम करणाऱ्या जगातील आरंभीच्या स्त्रियांत त्यांची गणना होते, हे आपल्याकडे फारसे कोणास ठाऊक नाही. आयोगाचा जाडजूड अहवाल १८९१ साली मुंबईत छापून निघाला.

सरकारी नोकरीत अनेक चौकशी-अहवाल डोळ्यांखालून गेले आहेत. त्या अनुभवावरून सांगतो, हा अहवाल आळशी माणसांचा नाही. मेहनत आहे, पुरावा आहे, विरुद्ध पक्षाचा साक्षीदारही बोलावलेला आहे. आणि तरीही निष्कर्ष चुकला. केंब्रिजच्या गॅस्केल व शोअर यांनी १८९३ सालीच त्यावर आक्षेप घेतले. परंतु वाद मिटला नाही, कारण एकाएकी मरणाऱ्या हृदयात नेमके काय घडते हे कोणालाच दाखविता येत नव्हते. योगायोग असा की ज्या १८८९ साली हैदराबादेत हे प्रयोग चालले होते, त्याच साली ॲबर्डीनच्या मॅकविल्यम यांनी लिहून ठेवले होते की आकस्मिक मृत्यूत हृदय निश्चल होत नसून त्याचे तंतू विस्कळीतपणे थरथरत असतात. या थरथरीला आज फिब्रिलेशन म्हणतात. थरथरणारे हृदय रक्त पुढे ढकलत नाही, म्हणून नाडी लागत नाही. बोटाला ते थांबलेलेच वाटते. मॅकविल्यम यांचे म्हणणे वीस वर्षे जवळजवळ पडून राहिले.

दरम्यान हॉलंडमधील लायडन येथे विलेम आइंटहोव्हेन यांनी हृदयाच्या सूक्ष्म विजेची नोंद घेणारे यंत्र सिद्ध केले. चांदीचा मुलामा दिलेला क्वार्ट्झचा अतिसूक्ष्म धागा प्रचंड चुंबकाच्या मध्ये ताणलेला, त्याच्या हालचालीची सावली छायाचित्राच्या काचेवर, आणि रोग्याचे दोन्ही हात व एक पाय मिठाच्या पाण्याच्या भांड्यांत. यंत्राचे वजन सुमारे पावणेतीनशे किलो व ते चालवावयास पाच माणसे. यंत्र रुग्णालयात नेता येईना, तेव्हा त्यांनी १९०५ साली दीड किलोमीटरवरील रुग्णालयातून दूरध्वनीच्या तारेने रोग्याच्या हृदयाची वीजच प्रयोगशाळेत आणली. या शोधाबद्दल त्यांना १९२४ चे नोबेल पारितोषिक मिळाले. याच काळात हृदयातील विजेचा मार्गही उलगडला. जपानी संशोधक तावारा यांनी १९०६ साली वरच्या व खालच्या कप्प्यांमधली गाठ दाखविली, तर कीथ व फ्लॅक यांनी १९०७ साली ठिणगीचे मूळस्थान दाखविले.

यंत्र हाती आले तरी रेघेचा अर्थ लावणारे माणूस हवे. ते होते लंडनचे टॉमस लुइस. जन्मभर रोग्यांच्या नाड्यांचे आलेख घेणाऱ्या जेम्स मॅकेंझी यांच्याकडून त्यांनी ताल ओळखावयास शिकून घेतले आणि मग ते ज्ञान रेघेवर पडताळले. कायम विस्कळीत असणाऱ्या नाडीचे मूळ अलिंदांच्या, म्हणजे वरच्या कप्प्यांच्या, थरथरीत आहे हे १९०९ साली त्यांनी दाखविले. पुढे गुडमन लेव्ही यांनी मांजरांना हलकी, उथळ भूल देऊन पाहिली आणि १९११ साली सिद्ध केले की धोका या उथळ अवस्थेतच आहे. भय, वेदना किंवा ॲड्रेनलिन यांच्या धक्क्याने निलयांना, म्हणजे खालच्या कप्प्यांना, फिब्रिलेशन जडते आणि प्राणी क्षणात मरतो. लुइस यांच्यासमवेत त्यांनी त्याचे विद्युत आलेखही प्रसिद्ध केले. हैदराबादच्या प्राण्यांना मुख्यतः भरपूर क्लोरोफॉर्म दिला गेला होता आणि खोल भुलीत श्वास खरोखरच आधी थांबतो. म्हणजे लॉरी यांनी पाहिले ते खोटे नव्हते. हॅना ग्रीनर ज्या रीतीने मेली, ती रीत मात्र त्यांच्या प्रयोगांच्या कक्षेत आली नव्हती. बावीस वर्षे एका अर्धसत्याच्या भरवशावर भूल देणाऱ्यांनी नाडीवरचे बोट उचलून ठेवले, याची किंमत किती रोग्यांनी मोजली असेल कोण जाणे.

ही रेघ वाचावयाची कशी? आपल्या मंडळींना मी मोडीचे उदाहरण देतो. मोडीत आधी आडवी रेघ मारून घेतात आणि मग हात न उचलता अक्षरे तिला टांगत जातात. शब्द तुटत नाहीत, ऱ्हस्वदीर्घ कळत नाही. नवख्याला सारा कागद सारखाच दिसतो. जाणता मात्र आधी लेखकाचा हात ओळखतो, ठरावीक मायना शोधतो आणि मग अडलेल्या अक्षराकडे येतो. हृदयाच्या आलेखातही असेच आहे. कागद सेकंदाला २५ मिलिमीटर सरकतो. लहान चौकोन ०.०४ सेकंदाचा, मोठा ०.२० चा. पी नावाची बुटकी लाट म्हणजे अलिंदांचे आकुंचन सुरू करणारी वीज, त्यानंतरचा क्यू-आर-एस हा उंच टोकदार सुळका निलयांचा, आणि शेवटची टी लाट म्हणजे निलये पुन्हा सज्ज होणे. ही अक्षरे आइंटहोव्हेन यांनीच दिलेली. दोन सुळक्यांमध्ये मोठे चौकोन चार असतील तर ३०० ला ४ ने भागावे. ठोके मिनिटाला ७५.

मग प्रश्न विचारावयाचे. सुळके समान अंतरावर आहेत का? प्रत्येक सुळक्याआधी पी आहे का? पी पासून सुळक्यापर्यंतचा वेळ ०.१२ ते ०.२० सेकंदांत आहे का? सुळका अरुंद की रुंद? पी कोठेच नाही, आधाररेषा बारीक कंपाची आणि सुळके कोणत्याही हिशेबात न बसणारे, तर ते अलिंदांचे फिब्रिलेशन. पी आपल्या गतीने चालले आहेत आणि सुळके आपल्या संथ गतीने, एकाचा दुसऱ्याशी संबंध नाही, तर मधली वाट पूर्ण बंद झाली. अशा रोग्याला सहसा पेसमेकर लागतो. रुंद सुळक्यांची वेगवान रांग दिसली तर ती निलयांतून आली आहे असे धरून चालावे, ती पुढे फिब्रिलेशनमध्ये कोसळू शकते. पी-सुळका अंतर दर ठोक्याला वाढत वाढत जाते आणि एक ठोका गळतो, या तालाला डच वैद्य वेंकेबाख यांचे नाव आहे. त्यांनी तो १८९९ साली, ई.सी.जी. नसताना, केवळ नाडीच्या आलेखातील अंतरांची बेरीज-वजाबाकी करून ओळखला होता. आमच्या महसूल खात्यातला एखादा जुना शिरस्तेदार त्यांना पाहून खूश झाला असता.

शिकवणारे डॉक्टर नेहमी आणखी एक गोष्ट सांगतात, ती मला फार आवडते. कंपवाताच्या रोग्याचा आलेख कधीकधी हुबेहूब प्राणघातक तालासारखा दिसतो; आणि रोगी मात्र खाटेवर बसून चहा मागत असतो. तार सैल असली, हातांच्या तारांची अदलाबदल झाली, तरी रेघ खोटी साक्ष देते. म्हणून आधी माणूस पाहावा, मग कागद.

औरादपासून बिदर चाळीस-पंचेचाळीस किलोमीटर. हृदयविकाराचा झटका आल्यावर पहिल्या तासाभरात जे दगावतात त्यांतले बहुतेक लेव्हींनी मांजरांत पाहिलेल्या त्याच थरथरीने दगावतात. त्यामुळे रेघ काढली कोठे यापेक्षा ती वाचली किती वेळात हे अधिक महत्त्वाचे. कर्नाटक शासनाने अलीकडे 'डॉ. पुनीत राजकुमार हृदय ज्योती' ही योजना आणली. तालुका रुग्णालयात काढलेला आलेख दूरच्या तज्ज्ञांकडे जातो, संगणक त्याची पहिली छाननी करतो, झटका ठरल्यास गुठळी विरघळविणारे महागडे इंजेक्शन तेथेच मोफत दिले जाते, आणि पुढील उपचारासाठी ज्या मोठ्या केंद्रांना रुग्णालये जोडली आहेत त्यांत कलबुर्गीची जयदेव संस्थाही आहे. आइंटहोव्हेन यांच्या दीड किलोमीटरच्या तारेचेच हे वाढलेले रूप. संगणकाच्या वाचनाबद्दल आपल्यातील वडीलधाऱ्यांना शंका वाटते. माझ्या मते ती शंका बाळगण्यासारखी आहे, पण म्हणून रुग्णालयात जाणे लांबविण्यासारखी नाही. पहिली छाननी कारकुनाने करावी आणि सही अधिकाऱ्याने, ही पद्धत जुनीच आहे.

शेवटी एक व्यवहाराची गोष्ट. एका सालच्या पहाणीपत्रकावर कोणताही जाणता तहसीलदार निकाल देत नाही. मागील सालांची पहाणी काढावयास लावतो. हृदयाच्या आलेखाचेही तसेच. सुळक्याचा रुंदपणा आजचा की दहा वर्षांपूर्वीचा, यावर उपचार बदलतो, आणि ते केवळ जुना कागद असेल तरच कळते. आपल्या घरांतून पणजोबांच्या सनदा पत्र्याच्या पेटीत जपलेल्या आहेत, पण वडिलांचा ई.सी.जी. मात्र औषधांच्या रिकाम्या खोक्याबरोबर फेकला जातो. शिवाय हा कागद उष्णतेने उमटणारा असल्यामुळे काही वर्षांत त्यावरची रेघ पुसट होऊन नाहीशी होते. सबब त्याची झेरॉक्स काढावी, तीवर नाव, तारीख आणि त्या वेळी छातीत दुखत होते की नव्हते एवढे शाईने लिहावे, आणि ती सनदांच्याच पेटीत ठेवावी.