झाडाचें चिनी अक्षर

चिनी लिपींत झाडासाठीं एक जुनें अक्षर आहे. त्याचा उच्चार 'मू'. आज बोलण्यांत झाडाला दुसरा शब्द असून 'मू' म्हणजे बहुधा लांकूड. परंतु अक्षर मूळचें झाडाचेंच. त्यांत अवघ्या चार रेघा: एक आडवी, तिला छेदणारी एक उभी, आणि छेदापासून खालीं दोहों बाजूंस उतरणाऱ्या दोन तिरप्या.

सुमारें तीन हजार वर्षांपूर्वीं, शांग राजांच्या अमदानींत, कांसवांच्या कवचांवर व बैलांच्या खांद्याच्या हाडांवर शकुनप्रश्न कोरले जात. त्यांत हें अक्षर साक्षात् झाडच दिसतें: मधें खोड, वर फांद्या, खालीं मुळ्या. पुढें वर वळलेल्या फांद्या सपाट होऊन त्यांची आडवी रेघ झाली.

या झाडापासून कितीतरी अक्षरें निघालीं. बुंध्याशीं लहानशी खूण केली कीं अर्थ 'मूळ'; तीच शेंड्याशीं केली कीं 'शेवट'. दोन झाडें म्हणजे वन, तीन म्हणजे घनदाट अरण्य. झाडाशेजारीं माणूस उभा केला कीं 'विसांवा'. उन्हांतून चालून आलेल्या कोणालाहि हें पटेल.

परंतु ही गोडीच कधीं कधीं फसविते. शू शेन या थोर पंडितानें इ. स. १०० मध्यें ९,३५३ अक्षरांचा कोश सिद्ध केला. त्यांत 'पूर्व' या अक्षराची फोड दिली आहे ती अशी: झाडाच्या मध्यें सूर्य. सूर्य झाडांआडून उगवतो. मग याहून सुंदर खुलासा कोणता? मलाहि तो फार आवडे, आणि शाळेंत असतांना मीं तो मुलांना अनेकदां सांगितला.

चिनी औषधी दुकानांत 'ड्रॅगनचीं हाडें' म्हणून जुनीं हाडें विकलीं जात. असल्या हाडांवर प्राचीन लेख आहेत, हें १८९९ सालीं पेकिंगचे विद्वान वांग यीरोंग यांनीं ओळखलें. १९२८ पासून आन्यांग येथें पद्धतशीर उत्खनन झालें. त्या लेखांतील 'पूर्व' पाहावें, तर तेथें झाडहि नाहीं आणि सूर्यहि नाहीं! दोन्ही टोकांशीं बांधलेली एक पिशवी आहे. उच्चाराच्या साम्यामुळें तें चित्र दिशेसाठीं उसनें घेतलें, असें आतां बहुतेक विद्वान मानतात. काळाच्या ओघांत रेघा बदलत गेल्या आणि पिशवींत झाड व सूर्य दिसूं लागले.

शू शेनला दोष देतां येत नाहीं. त्याच्यापुढें होतीं तीं हजार वर्षांनंतरचीं वळणें. हाडें जमिनींत गाडलेलीं होतीं. आपल्यापुढें मात्र तीं आहेत. विसांव्याचें झाड खरें, पूर्वेचें झाड खोटें. ऐकायला दोन्ही सारखींच गोड. त्यांतला भेद गोडीवरून कळत नाहीं, हाडांवरून कळतो.

माझे विद्यार्थी आतां दूर पांगले आहेत. त्यांच्यापैकीं कोणी ऐकत असेल, तर पूर्वेची ती गोष्ट मीं आज परत घेत आहें.