मल्लिक बाजार आणि बुचाची चकती
कलकत्त्यास पार्क स्ट्रीट जेथे जुन्या लोअर सर्क्युलर रोडला मिळतो, तेथे, 1767 सालच्या इंग्रजी कबरस्तानाच्या शेजारी, वाहनांच्या जुन्या सुट्या भागांसाठी मशहूर असलेला मल्लिक बाजार आहे. मृतांच्या सान्निध्यात यंत्रांचे पुनरुज्जीवन चालावे, हा योग मला मौजेचा वाटतो.

बीएसए, ट्रायम्फ या विलायती मोटारसायकली आणि 1955 पासून मद्रासेत जुळणी होऊ लागलेली बुलेट यांच्या पेट्रोल-गळतीची चिकित्सा अशाच बाजारांच्या आश्रयाने टिकली. त्या काळच्या कित्येक गाड्यांच्या तोटीत बुचाची चकती असे. ती पेट्रोलने भिजलेली असेतोवर तोटी घट्ट, परंतु गाडी महिनोन्महिने कोरडी राहिली की चकती आकसे आणि थेंब सुरू होई. जाणता मिस्त्री ती टाकून न देता पाण्यात उकळून पुन्हा फुगवी.

कार्बुरेटरच वाहू लागला, तर त्यातला पितळी फ्लोट कानाशी हलवून पाहण्याचा दस्तूर होता : आत पेट्रोल डुचमळले की निदान पक्के. मग फ्लोट गरम पाण्यात बुडवून, बुडबुडा निघेल तेथे खूण करून, आतले पेट्रोल पुरते काढल्यावरच डाग द्यायचा, आणि तोही अगदी बेताने. कारण डागाच्या वजनाने फ्लोट जड झाला, तर पेट्रोलची पातळी चढून गळती पुन्हा हजर.