शरीरक्रियाविज्ञान : विद्यापीठीय अध्ययन व नीतिप्रश्न (छत्रपती संभाजीनगर)

रक्ताभिसरण, श्वसन, पचन इत्यादी जिवंत देहाच्या व्यापारांचा विचार करणारे हे शास्त्र एम.बी.बी.एस.च्या पहिल्याच वर्षी शिकवले जाते. छत्रपती संभाजीनगर (पूर्वीचे औरंगाबाद) येथील त्याच्या अध्ययनाचे प्रमुख केंद्र म्हणजे १९५६ मध्ये स्थापन झालेले व लोकांच्या तोंडी ‘घाटी’ म्हणूनच रुळलेले शासकीय वैद्यकीय महाविद्यालय; पूर्वी मराठवाडा विद्यापीठाशी संलग्न असलेले हे महाविद्यालय आता नाशिकच्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाच्या (स्था. १९९८) कक्षेत आहे.

देशातील वैद्यकीय महाविद्यालयांत कैक दशके शिरस्ता असा होता की, सुईने मेंदू व मज्जारज्जू नष्ट केलेल्या बेडकाच्या पोटरीचा स्नायू मज्जातंतूसह सोडवून घ्यावा, त्यास विजेचा झटका द्यावा आणि त्याच्या आकुंचनाची रेषा काजळी धरलेल्या कागदाच्या फिरत्या नळकांड्यावर उमटवून, तो कागद लाखेच्या रोगणाने पक्का करून वहीत चिकटवावा. शंभर वर्षांपूर्वीच सिद्ध झालेले उत्तर पुन्हा मिळवण्यासाठी प्रत्येक तुकडीने नवे जीव खर्ची घालावेत, याचे समर्थन करता येत नाही. पुस्तके, प्रतिकृती व चित्रपट यांनी काम भागत असल्यास वैद्यकीय विद्यालयांत असे प्रयोग टाळले जावेत, ही तजवीज प्राणिक्रौर्य प्रतिबंधाच्या १९६०च्या कायद्यातच नमूद होती. तिचा खरा अंमल मात्र फार उशिरा झाला, आणि बेडकाची जागा आता संगणकावरील आभासी प्रयोगाने घेतली आहे.

तथापि बेडूक सुटला म्हणून प्रश्न सुटला नाही, कारण आता विद्यार्थी स्वतःच प्रयोगविषय असतो. हीमोग्लोबिन मोजण्याच्या साहलीच्या पद्धतीत तो आपल्याच अनामिकेला सुई टोचतो, २० घन मिलिमीटर रक्त बारीक नळीत ओढतो, आम्लात मिसळून तपकिरी झालेल्या त्या द्रावात प्रमाण रंगाशी मेळ बसेपर्यंत थेंबाथेंबाने ऊर्ध्वपातित पाणी घालतो. गुण देणाऱ्या अध्यापकासमोर दिलेली त्याची संमती खरोखर स्वेच्छेची म्हणावी काय, आणि त्याचा रक्तक्षय वर्गासमोर उघड व्हावा काय, हे प्रश्न प्रात्यक्षिकवहीत कोठेही विचारले जात नाहीत; २०१९ पासून अभ्यासक्रमात आलेल्या अभिवृत्ती, नीती व संवाद या भागात त्यांना अग्रस्थान मिळावयास हवे.

संशोधनासाठी मात्र न्यूरेंबर्ग संहितेने (१९४७) स्वेच्छासंमतीचा दंडक घालून दिला. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या २०१७च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार संमतिपत्र सहभागी व्यक्तीस समजणाऱ्या भाषेत असले पाहिजे, आणि निरक्षर व्यक्तीने अंगठा उमटवताना संशोधनाशी संबंध नसलेला साक्षर साक्षीदार हजर असला पाहिजे.